माहिती-तंत्रज्ञान सल्लाव्यवसाय आणि मुखत्यारपत्र : मालक अक्षम झाल्यास अधिकाराचे काय?

गोषवारा

स्वतःच्या नावावर माहिती-तंत्रज्ञानाचा सल्लाव्यवसाय चालविणाऱ्या व्यक्ती आजारपणाची किंवा दीर्घ परदेशवासाची सोय म्हणून जवळच्या व्यक्तीच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवतात. परदेशवासासाठी हा दस्तऐवज उपयुक्त ठरतो. परंतु भारतीय करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन विकल होताच मुखत्याराचा अधिकार संपुष्टात येतो. ज्या आपत्तीच्या भीतीने हा कागद केला जातो, नेमक्या त्याच आपत्तीत तो निरुपयोगी ठरतो. प्रस्तुत लेखात मुखत्यारपत्राचे कायदेशीर स्वरूप, त्याची ही मर्यादा, व्यवसायाच्या संघटनप्रकारानुसार उपलब्ध असलेले पर्याय आणि मसुदा करताना घ्यावयाची काळजी यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : मुखत्यारपत्र, अभिकर्ता, मानसिक अक्षमता, एकल मालकी, एकव्यक्ती कंपनी, डिजिटल स्वाक्षरी

१. प्रस्तावना

मोठ्या संगणक कंपनीत काही वर्षे नोकरी करून पुढे स्वतःचा सल्लाव्यवसाय सुरू करणे हा मार्ग आपल्याकडील अनेक पदवीधरांनी स्वीकारला आहे. या व्यवसायाला यंत्रसामग्री किंवा गोदाम लागत नाही. मालकाचे ज्ञान, ग्राहकांचा विश्वास, काही करारपत्रे, एक बँकखाते आणि काही परवलीचे शब्द एवढेच त्याचे भांडवल असते. ते बहुतांशी एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटलेले असल्यामुळे ती व्यक्ती खाटेला खिळली तर व्यवसाय कोणी चालवायचा, हा प्रश्न कारखान्यापेक्षा येथे अधिक तीव्र होतो.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यातील एक सल्लागार स्वतःच्या मालकीचा व्यवसाय करतो. त्याच्याकडे चार कर्मचारी आहेत, तीन ग्राहक आहेत व त्यांपैकी एक परदेशातील आहे. दूरदृष्टी ठेवून त्याने पत्नीच्या नावे नोटरीसमोर कुलमुखत्यारपत्र केले आहे. एके दिवशी अपघातात डोक्याला मार लागून तो कोमात जातो. महिनाअखेर जवळ येते. पगार, सर्व्हरचे भाडे आणि वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र या सर्वांच्या मुदती ठरलेल्या आहेत. पत्नी मुखत्यारपत्र घेऊन बँकेत जाते. 'साहेब स्वतः कुठे आहेत?' असे बँकेतील अधिकारी सहज विचारतो. खरे उत्तर दिले तर बँकेला व्यवहार थांबवावा लागतो आणि ते दडविले तर पत्नी संपलेल्या अधिकाराचा वापर करीत असते. दोन्ही बाजूंनी तिची कोंडी होते. ही कोंडी का निर्माण होते आणि ती आधीच कशी टाळता येईल, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. मुखत्यारपत्राचे कायदेशीर स्वरूप

मुखत्यारपत्राला दोन कायद्यांचा आधार आहे. मुखत्यारपत्र कायदा १८८२ च्या कलम १-अ नुसार, एखाद्या विनिर्दिष्ट व्यक्तीला दस्तऐवज करून देणाऱ्याच्या वतीने व त्याच्या नावाने कृती करण्याचा अधिकार देणारा कोणताही लेख मुखत्यारपत्रात मोडतो. हा कायदा अत्यंत छोटा आहे. मुखत्यार आणि अधिकार देणारा यांच्या परस्परसंबंधाचे खरे नियम भारतीय करार कायदा १८७२ च्या दहाव्या प्रकरणात, म्हणजे अभिकर्तृत्वाच्या प्रकरणात आढळतात. प्रस्तुत लेखात अधिकार देणाऱ्यास 'अधिकारदाता' व अधिकार घेणाऱ्यास 'मुखत्यार' असे संबोधिले आहे.

करार कायद्यातील पुढील तरतुदी व्यावसायिकाने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

(अ) अधिकारदाता सज्ञान व सुदृढ मनाचा असला पाहिजे (कलम १८३). करारामुळे आपल्या हितावर काय परिणाम होईल हे समजून घेऊन विवेकाने निर्णय करता येणे, ही सुदृढ मनाची कसोटी आहे (कलम १२).

(आ) मुखत्यारीसाठी मोबदला आवश्यक नाही (कलम १८५).

(इ) ज्या कृती मुखत्याराने स्वतः करावयाच्या आहेत त्या त्याला सामान्यतः दुसऱ्याकडे सोपविता येत नाहीत (कलम १९०).

(ई) मागणी केल्यावर मुखत्याराने हिशेब दिला पाहिजे (कलम २१३). अधिकारदात्याच्या नकळत त्याने त्या व्यवसायात स्वतःसाठी व्यवहार करून लाभ मिळविल्यास अधिकारदाता त्या लाभावर हक्क सांगू शकतो (कलम २१६).

व्यवहारात कुलमुखत्यारपत्र व खास मुखत्यारपत्र असे दोन प्रकार रूढ आहेत. पहिल्यात अनेक प्रकारच्या कामांचा व्यापक अधिकार असतो, तर दुसऱ्यात एखाद्या विशिष्ट कामापुरता. नाव कोणतेही असले तरी न्यायालये मुखत्यारपत्राचा अर्थ काटेकोरपणे लावतात आणि मजकुरात न आढळणारा अधिकार गृहीत धरत नाहीत. तसेच, मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही. स्थावर मालमत्तेच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हे तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले.

३. कलम २०१ : मुखत्यारपत्राची मूलभूत मर्यादा

अभिकर्तृत्व केव्हा संपुष्टात येते, हे करार कायद्याचे कलम २०१ सांगते. अधिकारदात्याने अधिकार काढून घेणे, मुखत्याराने काम सोडणे व काम पूर्ण होणे यांच्या जोडीला दोघांपैकी कोणाचाही मृत्यू होणे अथवा मन विकल होणे, हीही कारणे तेथे दिली आहेत. यामागील तर्क सरळ आहे. मुखत्यार हा अधिकारदात्याच्या इच्छेचा वाहक असतो. जेथे इच्छा करण्याची क्षमताच उरली नाही, तेथे वाहून नेण्यासारखे काही राहत नाही. कोमात असलेली व्यक्ती कलम १२ ची कसोटी पूर्ण करू शकत नाही. त्यामुळे वरील उदाहरणातील पत्नीचा अधिकार अपघाताच्या दिवशीच डळमळीत झाला.

येथे शारीरिक व मानसिक अक्षमतेतील भेद महत्त्वाचा आहे. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला किंवा वाचा गेली, परंतु समज शाबूत असेल, तर मुखत्यारपत्र चालू राहते. आयकर अधिनियम १९६१ च्या कलम १४० मध्ये हा भेद नेमका उमटला होता. व्यक्ती परदेशात असल्यास किंवा अन्य कारणाने स्वाक्षरी करू शकत नसल्यास मुखत्यारपत्रधारकाने विवरणपत्रावर स्वाक्षरी करावी, मात्र ती मानसिकदृष्ट्या अक्षम असल्यास तिच्या पालकाने किंवा सक्षम व्यक्तीने करावी, अशी ती तरतूद होती.

कायद्याने थोडे संरक्षण ठेवले आहे. अधिकार संपल्याचे मुखत्याराला कळेपर्यंत त्याच्यापुरता, आणि त्रयस्थाला कळेपर्यंत त्रयस्थापुरता तो संपलेला मानला जात नाही (कलम २०८). अधिकारदात्याचा मृत्यू झाल्यास वा त्याचे मन विकल झाल्यास, सोपविलेल्या हितसंबंधांच्या रक्षणासाठी सर्व वाजवी उपाय योजणे मुखत्याराचे कर्तव्य ठरते (कलम २०९). परंतु पतीच्या उशाशी बसलेल्या पत्नीला परिस्थितीची जाणीव असतेच आणि कलम २०९ दाखवून बँकेला खात्यातून पैसे देण्यास भाग पाडता येत नाही. 'मी अक्षम झालो तरी हे मुखत्यारपत्र चालू राहील' असे वाक्य मसुद्यात आढळते. कलम २०१ असेपर्यंत अशा वाक्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ज्या विषयवस्तूत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असतो तिच्यापुरता कलम २०२ चा अपवाद लागू होतो. केवळ नातेसंबंध म्हणजे असा हितसंबंध नव्हे.

अन्य देशांनी हा प्रश्न कायदा करून सोडविला आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९८५ च्या कायद्याने अक्षमतेनंतरही टिकणारे मुखत्यारपत्र आणले. पुढे मानसिक क्षमता कायदा २००५ नुसार, २००७ पासून त्याची जागा नोंदणी आवश्यक असलेल्या नव्या प्रकाराने घेतली. अमेरिकेतील २००६ च्या एकरूप मुखत्यारपत्र कायद्याच्या नमुन्यात तर उलट तत्त्व आहे. दस्तऐवजात वेगळे म्हटले नसल्यास तो अक्षमतेनंतरही टिकतो. भारतात अशी सर्वसाधारण तरतूद नाही. मानसिक आरोग्य अधिनियम १९८७ मध्ये मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या अधिनियमातील नामनिर्देशित प्रतिनिधीचे कार्य उपचारविषयक निर्णयांपुरते आहे, मालमत्तेचा कारभार त्यात येत नाही.

४. अधिकारदाता कोण? : संघटनप्रकाराचे महत्त्व

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. मुखत्यारपत्राचे आयुष्य अधिकारदात्याच्या मनाच्या अवस्थेशी बांधलेले आहे. म्हणून अधिकारदाता माणूस आहे की विधिनिर्मित संस्था, हा प्रश्न मसुद्यातील शब्दांपेक्षा अधिक निर्णायक ठरतो.

*एकल मालकी.* येथे व्यवसाय व मालक कायद्याच्या दृष्टीने एकच होत. व्यवसायाचे नाव वेगळे असले तरी अधिकारदाता म्हणून स्वाक्षरी करणारा माणूसच असतो. त्यामुळे कलम २०१ ची मर्यादा येथे पूर्णांशाने लागू पडते. बँकेला दिलेल्या साध्या अधिकारपत्राचीही तीच गत होते.

*एकव्यक्ती कंपनी.* कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ३ नुसार अशी कंपनी स्थापन करताना संस्थापनपत्रात दुसऱ्या व्यक्तीचे नाव तिच्या लेखी पूर्वसंमतीने द्यावे लागते. मूळ सदस्याचा मृत्यू झाल्यास किंवा तो करार करण्यास अक्षम झाल्यास ही व्यक्ती कंपनीची सदस्य होते व सदस्य या नात्याने नव्या संचालकाची व्यवस्था करू शकते. अक्षमतेचा विचार करून आधीच उत्तराधिकारी नेमण्याची ही तरतूद एकट्या सल्लागाराच्या गरजेला सर्वाधिक जवळची आहे. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर अनिवासी भारतीय नागरिकांनाही अशी कंपनी स्थापन करता येते.

*खाजगी मर्यादित कंपनी.* येथे किमान दोन संचालक आवश्यक असतात. कलम २२ नुसार कंपनी स्वतः एखाद्या व्यक्तीला लेखी मुखत्यारपत्र देऊ शकते. सामाईक मोहोर नसल्यास दोन संचालकांनी, किंवा कंपनी सचिव असल्यास एक संचालक व सचिव यांनी तसे अधिकृत करावयाचे असते. येथे अधिकारदाता कंपनी असल्यामुळे एका संचालकाची शुद्ध हरपली म्हणून मुखत्याराचा अधिकार संपत नाही. मात्र संचालकाला आपले पद दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. कलम १६६ नुसार असे हस्तांतरण निरर्थक ठरते. 'माझ्या जागी माझा भाऊ संचालक म्हणून काम पाहील' असे व्यक्तिगत मुखत्यारपत्र म्हणूनच उपयोगाचे नाही. संचालक किमान तीन महिने भारताबाहेर असल्यास कलम १६१ नुसार संचालक मंडळ पर्यायी संचालक नेमू शकते. त्यासाठी नियमावलीत तरतूद किंवा सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो.

*मर्यादित दायित्व भागीदारी.* २००८ च्या अधिनियमानुसार ही स्वतंत्र विधिनिर्मित संस्था असते व तिच्यासाठी किमान दोन भागीदार लागतात. एक भागीदार अक्षम झाला तरी संस्था टिकते आणि तिने दिलेला अधिकार चालू राहतो.

उदाहरणातील सल्लागाराने पत्नीला दुसरी संचालक किंवा भागीदार केले असते, बँकखात्यावर दोन स्वाक्षरीकर्ते ठरावाने नेमले असते, तर महिनाअखेरीचे पगार थांबले नसते.

५. मसुदा व औपचारिकता

याचा अर्थ व्यक्तिगत मुखत्यारपत्र करूच नये, असा नाही. परदेशवास, शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती व शारीरिक दुबळेपणा या प्रसंगी ते अत्यंत उपयुक्त असते. मसुदा करताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

(१) एका सर्वव्यापी कुलमुखत्यारपत्राऐवजी कामानुसार खास मुखत्यारपत्रे करावीत. बँक व देयके पत्नीकडे, करविषयक कामे सनदी लेखापालाकडे आणि ग्राहकांशी पत्रव्यवहार ज्येष्ठ सहकाऱ्याकडे, अशी विभागणी सुरक्षित ठरते.

(२) अधिकार स्पष्टपणे नमूद करावेत : खाते चालविणे, देयके देणे व वसूल करणे, करारांचे नूतनीकरण, कर-अधिकाऱ्यांसमोर उपस्थिती, वकील नेमणे. नवे कर्ज काढणे व जामीन राहणे हे अधिकार द्यावयाचे नसल्यास तसे लिहावे.

(३) एकाहून अधिक मुखत्यार असल्यास त्यांनी संयुक्तपणे की स्वतंत्रपणे काम करावयाचे, हे लिहावे. रकमेची मर्यादा, मुदत व हिशेब देण्याचा कालावधी ठरवावा.

(४) योग्य मुद्रांकावर दस्तऐवज करून तो नोटरीसमोर साक्षांकित करावा. नोटरीसमोर निष्पादित व साक्षांकित मुखत्यारपत्र विधिवत झाल्याचे गृहीत धरण्याची तरतूद पूर्वी १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात होती व आता भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ मध्ये आहे. अधिकारदात्याच्या वतीने नोंदणीसाठी दस्तऐवज सादर करावयाचा असल्यास नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ३३ नुसार दुय्यम निबंधकाकडून मुखत्यारपत्राचे अधिप्रमाणन आवश्यक असते.

(५) अधिकारदाता वयस्क वा आजारी असल्यास त्या दिवसाचे वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडावे.

(६) अधिकार काढून घेताना मुखत्यार, बँक व ग्राहक यांना लेखी कळवावे आणि मूळ प्रत परत घ्यावी. सूचना न पोहोचलेल्या त्रयस्थाला कलम २०८ चे संरक्षण मिळते.

परदेशातून मुखत्यारपत्र पाठविणाऱ्यांनी ते तेथील भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर करावे. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल कराराचा सदस्य असल्याने सदस्य देशांतील अपोस्टिल प्रमाणन येथे स्वीकारले जाते. असे मुखत्यारपत्र महाराष्ट्रात प्रथम पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ नुसार मुद्रांकित करून घेता येते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये केलेले 'टिकाऊ' मुखत्यारपत्र भारतातही अक्षमतेनंतर तसेच चालेल, असे मात्र गृहीत धरू नये.

६. अधिकार आणि प्रवेश

तंत्रज्ञान-व्यवसायात आणखी एक अडचण संभवते. कायदेशीर अधिकार असणे आणि प्रत्यक्ष संगणकप्रणालीत प्रवेश मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

विशेष म्हणजे, संगणकावर सर्व व्यवहार करणाऱ्या या व्यावसायिकाला मुखत्यारपत्र मात्र कागदावरच करावे लागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या पहिल्या अनुसूचीने मुखत्यारपत्राला इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांच्या मान्यतेतून वगळले आहे. २०२२ च्या अधिसूचनेने रिझर्व्ह बँक, सेबी आदी नियामकांच्या अखत्यारीतील संस्थांना दिलेल्या मुखत्यारपत्रांपुरती सवलत दिली. पत्नीला किंवा सहकाऱ्याला ई-मेलने पाठविलेले मुखत्यारपत्र त्या सवलतीत बसत नाही.

डिजिटल स्वाक्षरीचा टोकन सहकाऱ्याच्या खणात ठेवून देण्याची प्रथा सर्रास दिसते. त्याच अधिनियमाच्या कलम ४२ नुसार आपली खाजगी कळ स्वतःच्या नियंत्रणात ठेवण्याची काळजी प्रमाणपत्रधारकाने घ्यावयाची असते. मुखत्याराने स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर त्याची अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून नोंद करावी, हा योग्य मार्ग होय.

मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकप्रणालीत प्रवेश करणे कलम ४३ नुसार भरपाईस पात्र ठरते. म्हणून संकेतस्थळाचे नाव, सर्व्हर, आज्ञावलीचा साठा व ई-मेल यांत प्रवेश करण्याची परवानगी मुखत्यारपत्रात स्पष्टपणे लिहावी. परवलीचे शब्द मात्र त्यात लिहू नयेत, कारण त्या दस्तऐवजाच्या प्रती अनेकांच्या हाती जातात. त्यासाठी वेगळी मोहोरबंद नोंद ठेवावी. ग्राहकाची माहिती हाताळण्याचा प्रश्न असल्यास ग्राहकाशी झालेल्या गोपनीयता करारात मुखत्याराचा उल्लेख असणे हिताचे.

ज्ञान मात्र मुखत्यारपत्राने सोपविता येत नाही. वचन देणाऱ्याने स्वतःच काम करावे असा पक्षांचा हेतू असल्यास ते त्यानेच पार पाडले पाहिजे (करार कायदा, कलम ४०). म्हणून ग्राहकाशी करार करतानाच पर्यायी सल्लागार नेमण्याची मुभा व अक्षमतेच्या प्रसंगी काम थांबविण्याची पद्धत लिहून घ्यावी. शुल्कवसुलीचा दावा मुखत्यार दाखल करू शकतो. परंतु जी माहिती केवळ अधिकारदात्यालाच आहे तिच्याविषयी मुखत्याराला त्याच्या वतीने साक्ष देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे कामाच्या लेखी नोंदी अद्ययावत ठेवणे अगत्याचे ठरते.

७. पूर्वतयारी नसल्यास : उच्च न्यायालयाचा मार्ग

कोणतीच व्यवस्था केलेली नसताना मालक कोमात गेला, तर कुटुंबीयांना संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाकडे जावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. वैद्यकीय तपासणी, वारसांची व मालमत्तेची माहिती आणि पालकाने ठराविक काळाने अहवाल देणे यांचा त्यांत समावेश आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२० मध्ये कोमात असलेल्या व्यक्तीच्या पत्नीस पालक म्हणून नेमले आणि या विषयावर स्वतंत्र कायदा नसल्याची नोंद घेतली. हा मार्ग दिलासा देणारा आहे. तथापि याचिका, तपासणी व सुनावणी यांत जाणारा वेळ छोट्या सल्लाव्यवसायाला परवडत नाही.

८. समारोप

मुखत्यारपत्र हा अनुपस्थितीवरील उपाय आहे. मानसिक अक्षमतेवरील उपाय म्हणून भारतीय कायद्याने त्याची रचना केलेली नाही. एकट्या सल्लागाराने म्हणून दोन स्वतंत्र व्यवस्था कराव्यात. परदेशवास व शारीरिक आजारासाठी मर्यादित व स्पष्ट खास मुखत्यारपत्रे करावीत, तर मानसिक अक्षमतेच्या शक्यतेसाठी व्यवसायालाच स्वतंत्र विधिनिर्मित रूप देऊन त्यात दुसऱ्या व्यक्तीला आधीच स्थान द्यावे.

अक्षमतेपूर्वीच प्रतिनिधी नेमण्याची कल्पना भारतीय विधिमंडळाला अपरिचित राहिलेली नाही. एकव्यक्ती कंपनीतील नामनिर्देशन हे तिचे एक रूप आहे. टप्प्याटप्प्याने अंमलात येणाऱ्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ च्या कलम १४ मध्येही, मृत्यू वा अक्षमता ओढवल्यास आपले हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे. हे तुकडे एकत्र आणून अक्षमतेनंतरही टिकणारे, नोंदणीकृत व देखरेखीखालील मुखत्यारपत्र कायद्यात आणणे इष्ट ठरेल. तोपर्यंत वाणिज्य व विधी शाखांत अभिकर्तृत्वाचे प्रकरण शिकविताना कलम २०१ हे केवळ पाठांतराचे कलम म्हणून न मांडता, उद्या स्वतःचा व्यवसाय थाटणाऱ्या विद्यार्थ्याच्या घराशी त्याचा असलेला संबंध प्राध्यापकांनी उलगडून दाखवावा. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही या विषयाची एक तासिका मिळावी, कारण या कलमाशी प्रत्यक्ष गाठ त्यांचीच अधिक पडणार आहे.